"मना लॅपटॉपवर ते भारी चालस!" : रेकॉर्डिंग अडकल्यावर सल्ला देताना आणि घेताना या चुका टाळा

एप्रिल लागला की लग्नसराईच्या अहिराणी गाण्यांची घाई सुरू होते आणि माझा फोन वाजायला लागतो. पलीकडे घरीच लॅपटॉपवर गाणं रेकॉर्ड करणारा एखादा पोरगा आणि त्याचं ठरलेलं वाक्य: "दादा, आवाज फाटतोय." खोदून विचारलं तर आवाज फाटत नसतो. कढईत शेव सोडल्यासारखी चरचर येत असते, मध्येच अर्धा शब्द गायब होतो. माझ्यापर्यंत पोहोचण्याआधी पोराने चार जणांना विचारलेलं असतं, आणि त्या चौघांनी मिळून त्याचा आठवडा खाल्लेला असतो. कधी पैसेही.

हे चौघे वाईट नसतात. ते गाणं रेकॉर्ड करायच्या कुठल्या ना कुठल्या सॉफ्टवेअरचे भक्त असतात, एवढंच. कुणी एफएल स्टुडिओचा, कुणी क्युबेसचा, कुणी लॉजिकचा. "चरचर येतेय" म्हटलं की त्यांना "तुमचं सॉफ्टवेअर भंगार आहे" असं ऐकू येतं, आणि मग उत्तर प्रश्नाला न मिळता त्या न केलेल्या अपमानाला मिळतं.

"माझ्याकडे तर मस्त चालतं"

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता हसूही येत नाही. तुझ्या गाण्यात आठ ट्रॅक (आवाजाचे वेगवेगळे थर), त्याच्याकडे साठ. तुझा पीसी एसीत, त्याचा पत्र्याखाली. मग तुझ्याकडे चालतं याचा त्याला काय उपयोग? डॉक्टरकडे पोट दुखतंय म्हणून जावं आणि डॉक्टरने म्हणावं, माझं तर छान आहे!

चोपड्याकडचा एक पोरगा. मे महिना, पत्र्याची खोली, भिंतींना गोधड्या लावून केलेला स्टुडिओ, आणि घाईने द्यायचं गाणं. पहिला भक्त म्हणाला, "भाऊ, मना लॅपटॉपवर ते भारी चालस." दुसऱ्याने रॅम वाढवायला लावली, आठची सोळा केली, चरचर तशीच. तिसरा म्हणाला, "हाई सॉफ्टवेअर सोडी दे." पोराने तीन दिवस दुसरं शिकण्यात घालवले, तिथेही तेच. चौथा म्हणाला, मॅक घे. घरी बाप केळीच्या पट्टीची, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशांची, वाट बघतोय आणि याला सल्ला, मॅक घे!

मी फोनवर एकच विचारलं: "केव्हा येते?"

पोरगा गप्प. मग म्हणाला, दुपारी. सकाळी? सकाळी वाजवून पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सहाला त्याचा फोन आला. तेच गाणं, तेच साठ ट्रॅक, एक कडकड नाही.

संध्याकाळी गेलो. लॅपटॉप मऊ उशीवर ठेवलेला, कारण टेबल हललं की माइकमध्ये धडधड येते. म्हणजे खालची हवा आत घ्यायची जाळी पूर्ण बंद. दुपारी बाहेर 45 अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला आपोआप वेग कमी करतो. ऑफिसच्या कामात हे कळतही नाही, गाण्यात लगेच कळतं. त्यात दिवसातून दोनदा लाइट जायची, लॅपटॉप बॅटरीवर यायचा आणि विंडोज वीज वाचवायला वेग आणखी उतरवायचं. आम्ही उशी काढून चार कोपऱ्यांखाली लाकडी ठोकळे ठेवले, ब्रशने जाळीतला भुगा काढला, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर टाकला. खर्च शून्य. मी स्वतः मे महिन्यात जड मिक्सिंग पहाटे पाच ते दहा करतो आणि दुपारी बिलं लिहितो. याला शास्त्र म्हणू नका, जळगावात राहून लागलेली सवय आहे.

"टास्क मॅनेजरमध्ये बघ, तीसच टक्के आहे"

हा भक्तांचा आवडता पुरावा. आकडा खरा असतो, पण बघायची जागा चुकते. गाणं वाजताना संगणकाला ठरलेल्या वेळात आवाजाचा पुढचा घास तयार ठेवायचा असतो. बफर (एका घासाचं माप) 128 सॅम्पल, म्हणजे आवाजाचे बारीक तुकडे, आणि रेट (सेकंदाला किती सॅम्पल) 44.1 किलोहर्ट्झ असेल तर हा वेळ जेमतेम 2.9 मिलिसेकंद. पंगतीतल्या वाढप्याचा विचार करा. बादली लहान असेल तर सारख्या फेऱ्या, आणि एका फेरीला उशीर झाला की पान रिकामं. ते रिकामं पान म्हणजे कडकड. त्यात एका ट्रॅकवर ओळीने लावलेले दहा प्लगइन (आवाजावर काम करणारी छोटी जोड-सॉफ्टवेअर) एकामागे एकच चालतात, त्यांचा भार प्रोसेसरच्या सगळ्या कोअरांत वाटता येत नाही. एक कोअर धापा टाकत असतो, बाकीचे बसलेले, आणि सरासरी निघते तीस टक्के. म्हणून सॉफ्टवेअरच्या आतला ऑडिओ मीटर बघा. आणि जड ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे प्लगइनसकट त्याची तयार फाइल करून ठेवा. नवशिक्यांना फ्रीझ करायचा भारी कंटाळा. तीस सेकंद थांबायचं नाही, पण तीस हजारांचा लॅपटॉप बदलायला तयार.

"डिले कॉम्पेन्सेशन असतं ना, सिंगरच कच्ची आहे"

याचा मला खरा राग येतो. श्रावणात कानबाईची, म्हणजे खानदेशातल्या देवीची, गाणी रेकॉर्ड करायला एका ओळखीच्याने धुळ्याकडच्या एका मावशींना बसवलं. कानबाईच्या रात्री जागून, पन्नास बायकांना मागे घेऊन गाणारी बाई. हेडफोन लावला आणि दर ओळीला मागे पडायला लागली. रेकॉर्डिस्टने पाच टेक घेतले, सहाव्याला म्हणाला, "मावशी, ताल सांभाळा ना." मावशींचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "बाळा, आज काय व्हई ऱ्हायनं मले समजत नही."

त्याने त्याच्या गुरूला फोन लावला. गुरू कट्टर भक्त. म्हणाला, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये डिले कॉम्पेन्सेशन आहे, उशीर आपोआप भरून निघतो, बाई बदल.

मी तिथे दुसऱ्याच कामाला गेलो होतो. बफर पाहिला: 1024. कुणीतरी "बफर वाढव" सांगितलं होतं, चरचर गेली, पठ्ठ्या खूश. पण 1024 म्हणजे आत येताना 23 मिलिसेकंद आणि बाहेर जाताना 23. वर मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र होतात तिथे, लुक-अहेड लिमिटर आणि लिनिअर फेज इक्यू हे उशीर लावणारे प्लगइन, त्यांचा उशीर वेगळा. नुसते 46 मिलिसेकंद धरले तरी आवाजाच्या वेगाने ते साधारण सोळा मीटर होतात. म्हणजे मावशी स्वतःचा आवाज अंगणाच्या त्या टोकावरून ऐकत गात होत्या.

डिले कॉम्पेन्सेशन खोटं नाही. ते सगळे ट्रॅक सर्वांत सावकाश ट्रॅकला जुळवून घेतं, त्यामुळे वाजवताना गाणं जागेवर बसतं. पण गाणाऱ्याच्या तोंडून आत्ता निघालेला सूर ते लवकर आणू शकत नाही. मास्टरवरचे प्लगइन बंद केले, बफर 128 वर आणला, इंटरफेसवरचं (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) डायरेक्ट मॉनिटरिंगचं, म्हणजे माइकचा आवाज सरळ हेडफोनला देणारं, बटण दाबलं आणि सॉफ्टवेअरमधून येणारा मावशींचा आवाज बंद केला. मावशींनी पहिल्याच टेकला गाणं दिलं. क्युबेसवाल्यांसाठी उशीर लावणारे प्लगइन तात्पुरते बाजूला ठेवणारं कन्स्ट्रेन डिले कॉम्पेन्सेशन नावाचं बटण असतं, तेही रेकॉर्डिंगपुरतं दाबावं. मी मात्र आजही मास्टर रिकामा ठेवूनच माइक उघडतो. रेकॉर्डिंगच्या वेळी मास्टरिंग करणारी माणसं मला पीठ मळायच्या आधी तवा तापवणाऱ्यांसारखी वाटतात.

म्हणून "बफर वाढव" हा सल्ला अर्धाच द्यायचा नाही. मिक्सिंगला वाढव, रेकॉर्डिंगला उतरव, असं पूर्ण सांगा.

बाकीच्या चुका उभ्या उभ्याच सांगतो. "रॅम वाढव" हे मोठ्या सॅम्पल लायब्ररी (आधीच रेकॉर्ड केलेल्या वाद्यांचे संच) वापरणाऱ्याला सांगा, गाणं आणि ढोलकी एवढंच करणाऱ्याला नको. इंटरफेस घेतलाय तर त्याच्या कंपनीचा असिओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाजाचा उशीर कमी ठेवणारा) टाका. असिओ-फोर-ऑल हा ज्याच्याकडे इंटरफेसच नाही त्याच्यासाठीचा जुगाड आहे. 96 किलोहर्ट्झवर "क्वालिटीसाठी" काम करून भार दुप्पट करू नका, गाणं शेवटी मोबाइलच्या स्पीकरवर आणि डीजेच्या गाडीवरच वाजणार आहे. इंटरफेस सरळ लॅपटॉपला लावा, दहा रुपयांत तीन खाचा देणाऱ्या हबला नको. ठरावीक अंतराने कडकड येत असेल तर वाय-फाय बंद करून बघा. तरी राहिली तर लेटन्सीमॉन नावाचं तपासणीचं सॉफ्टवेअर चालवा, कुठला ड्रायव्हर अडवतोय ते नावानिशी दाखवतं. आणि गाणं अर्ध्यात असताना अपडेट करू नका, कुणीही कितीही उत्साहाने सांगितलं तरी.

राहिला क्रॅक, म्हणजे फोडलेलं चोरीचं सॉफ्टवेअर. "सगळे तेच वापरतात" हा सल्ला देणारा भक्त प्रत्येक तालुक्यात एक तरी असतो. कुणी फोडलेलं, कशात काय घातलेलं, मागे काय चालतंय याचा पत्ता नाही, आणि चरचर आली की तपास कुठून करायचा? रिपर नावाचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर साठ दिवस वापरून बघता येतं, नंतरचं साधं लायसन्स 60 डॉलर. क्रॅकवाल्याचा फोन मी उचलतो, पण आधी ते काढायला लावतो. मग विचारतो, केव्हा येते.