पुराच्या आधी शिकायचे शास्त्र

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा एकाच वेळी पात्राबाहेर पडल्या, तेव्हा मी शिरोळ तालुक्यातील एका गावात मदत गटाबरोबर होते. पाणी गावाच्या खालच्या अंगाला लागले होते आणि बाहेर जाणारा एकच रस्ता उरला होता. निम्मी घरे रिकामी झाली होती, पण उरलेली माणसे उठायला तयार नव्हती. आमच्या गटात त्यावर चिडचिड सुरू झाली. लोकांना धोका कळत नाही, ते हट्टी आहेत, पोलिसांना बोलवा, असे सूर निघाले. मी मानवशास्त्र, म्हणजे माणसाचा आणि त्याच्या समाजाचा अभ्यास करणारे शास्त्र, शिकलेली असल्यामुळे लोकांना ‘समजावून सांगण्याचे’ काम माझ्याकडे आले.

पहिल्याच घरातील काकांनी मला आत नेले आणि भिंतीवरच्या एका तपकिरी रेषेवर बोट ठेवले. “पाच साली पाणी हितवर आलं हुतं,” ते म्हणाले. धान्याची पोती, गाद्या आणि मुलांची दप्तरे त्या रेषेच्या हातभर वर, माळ्यावर रचून ठेवलेली होती. म्हणजे त्या घराने धोक्याचा हिशेब केला होता, आणि तो २००५ च्या महापुराच्या अनुभवावर केला होता. मागे गोठ्यात दोन म्हशी होत्या, त्यांतली एक गाभण होती. दर दहा दिवसांनी येणारे दुधाचे बिल हाच त्या घराचा चालू पैसा होता. आमच्याकडे माणसांसाठी शाळेत जागा होती, जेवण होते, औषधे होती, पण म्हशींचे काय करायचे याचा विचार आमच्यापैकी कोणीही केला नव्हता, आणि हे कबूल करायला हवे की तोवर मीही केला नव्हता.

त्या दुपारी आम्ही समजावणे थांबवले आणि प्रत्येक घरी दोनच प्रश्न विचारले: तुमची जनावरे किती, आणि वरच्या गावांत तुमचे पाहुणे कुठे आहेत? तासाभरात कागदावर सोयरिकीचा एक नकाशा तयार झाला. कोणाची बहीण उंचावरच्या गावात दिली होती, कोणाच्या सुनेचे माहेर तिथे होते. टेम्पो मिळाले, जनावरे निघाली आणि जनावरांमागोमाग माणसेही निघाली. पुढे पाणी २००५ च्या पातळीच्या बरेच वर गेले. त्या भिंतीवरची रेषा खोटी नव्हती, पण तिच्यात एकाच पुराचे ज्ञान होते. स्थानिक ज्ञान नेहमी बरोबरच असते असे मानणारा एक भाबडा वर्ग आमच्या विषयात आहे. मी त्याच्याशी सहमत नाही. मात्र ते ज्ञान काय आहे हे माहीत करून घेतल्याशिवाय त्याच्याशी वादही घालता येत नाही, आणि माहीत करून घेण्याची हीच पद्धत या विषयात शिकवली जाते.

मानवशास्त्राकडे नव्याने वळणाऱ्यांना मी बहुधा युगांडातील गुलू जिल्ह्याचे उदाहरण प्रथम सांगते. २००० च्या अखेरीस तेथे इबोलाची साथ आली, ती पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत टिकली, आणि ४२५ रुग्णांपैकी २२४ जण दगावले. आरोग्य यंत्रणेची समजूत अशी होती की स्थानिक चालीरीती हेच साथ पसरण्याचे कारण आहे. त्यात तथ्यही होते. तेथील अचोली समाजात मृताला आंघोळ घालण्याचा मान आत्याचा असतो, आणि इबोलाने मेलेल्या माणसाच्या देहात विषाणू मोठ्या प्रमाणात असतो. पण मानवशास्त्रज्ञ बॅरी ह्यूलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांशी बोलायला सुरुवात केली तेव्हा दुसरी बाजू पुढे आली. अचोलींकडे नेहमीच्या आजारांसाठी वेगळे आणि अकस्मात येऊन अनेकांना नेणाऱ्या साथीसाठी वेगळे नाव होते. अशा साथीला ते ‘गेमो’ म्हणत. एखादा आजार गेमो आहे असे वडीलधाऱ्यांनी ठरवले की रोजचे नियम बाजूला पडत आणि दुसरे नियम लागू होत. रुग्णाला इतर घरांपासून सुमारे शंभर मीटर लांब ठेवायचे. ज्याला तो आजार होऊन गेला आहे, त्यानेच शुश्रूषा करायची. दाराशी उंच गवताच्या दोन काठ्या रोवून खूण करायची. नाचगाणी बंद ठेवायची. बऱ्या झालेल्यानेही महिनाभर वेगळेच राहायचे. मृताला घराजवळ न पुरता गावाच्या सीमेवर पुरायचे, आणि तेही आजारातून उठलेल्या माणसाने.

हे नियम वाचताना मी थक्क झाले होते, कारण विलगीकरण आणि रोगातून मिळालेली प्रतिकारशक्ती या दोन्ही गोष्टी त्यांत होत्या, फक्त त्यांची भाषा निराळी होती. एकाच संस्कृतीत साथ वाढवणारी रीत आणि साथ रोखणारी रीत शेजारी शेजारी नांदत असतात. यंत्रणेला फक्त पहिली दिसते, कारण ती प्रश्नच तेवढा विचारते. पश्चिम आफ्रिकेत २०१४ साली पसरलेल्या साथीत ११,३०० हून अधिक माणसे दगावली. तेथेही सुरुवातीला मृतदेह नातेवाइकांच्या डोळ्यांआड घाईने पुरले जात होते, तेव्हा लोक रुग्ण लपवू लागले. मानवशास्त्रज्ञांच्या आणि स्थानिक धर्मगुरूंच्या सल्ल्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दफनाची जी कार्यपद्धती जाहीर केली, तिच्या नावातच ‘सुरक्षित’ या शब्दाला ‘सन्मानपूर्वक’ हा शब्द जोडला गेला. २०२० मध्ये आपल्याकडे अनेक कुटुंबांना आपल्या माणसाचा चेहराही न पाहता निरोप द्यावा लागला. त्या घरांतून ज्यांनी ते सोसले, त्यांना या एका शब्दाचे मोल मी सांगण्याची गरज नाही.

माझे स्वतःचे पहिले क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांमध्ये राहून केलेला अभ्यास, मात्र साथीत किंवा पुरात झाले नाही. ते भूकंपानंतर बऱ्याच वर्षांनी, औसा तालुक्यातील एका पुनर्वसित गावात झाले, आणि जे काही मला आज येते ते बहुतेक तेथेच आले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झाले होते आणि माणसे दमून घरात झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर्षानुवर्षे मातीचे थर चढलेली माळवदे त्यांच्यावर कोसळली. सरकारी आकड्यानुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला आणि सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरे जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची होती, रस्ते सरळ आणि रुंद होते, आणि भूकंपात टिकण्याच्या दृष्टीने ते बांधकाम जुन्यापेक्षा निःसंशय चांगले होते.

मी तेथे प्रश्नावली घेऊन गेले होते. घर आवडले का, पाणी येते का, शौचालय वापरता का, असे तिचे स्वरूप होते, आणि लोक मला सभ्यपणे ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत होते. तिसऱ्या आठवड्यात एका आजींनी माझ्या हातातला कागद बाजूला ठेवायला लावला आणि अंगणातल्या धुळीत काडीने जुने गाव काढून दाखवले. सुरुवात त्यांनी आपल्या ढेलजेपासून, म्हणजे घराच्या पुढच्या बैठकीच्या जागेपासून केली, मग दीर, चुलत सासरे, आड, मारुतीचा पार, पलीकडची कुंभारांची घरे, असे करत त्या थेट वेशीपर्यंत गेल्या. त्या नकाशात एकही रस्ता सरळ नव्हता, पण प्रत्येक वळणाला माणसांचे नाव होते. नव्या गावात त्यांचे घर एका रांगेत आणि दिराचे घर चार रांगा पलीकडे आले होते. “रातच्याला हाक मारायची, तर कुठल्या रांगेत मारू?” असे त्यांनी मला विचारले. माझ्या प्रश्नावलीत या प्रश्नासाठी रकाना नव्हता.

त्या दिवसानंतर मी प्रत्येक घराची वंशावळ लिहायला आणि जुने घर नव्या घराशेजारी काढून घ्यायला सुरुवात केली. हळूहळू दिसू लागले की पक्क्या खोलीत ज्वारीची पोती आहेत आणि माणसे पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपतात, कारण छताखाली झोपण्याची भीती गेलेली नाही. जिथे शेड नव्हती तिथे लोकांनी स्वतः भिंत घालून ढेलज पुन्हा उभी केली होती, कारण पाहुणा थेट स्वयंपाकघरासमोर येणे सुनांना अवघड जात होते. सार्वजनिक नळावर गर्दी होती, पण पूर्वी आडावर जे बोलणे व्हायचे ते तिथे होत नव्हते. यात अभियंत्यांचा दोष मी काढत नाही. त्यांना लाखभर माणसांना निवारा द्यायचा होता आणि पावसाळा कोणासाठी थांबत नाही. मला एवढेच वाटते की भावकीची रचना आणि घरातील बायकांचा वावर यांचे टिपण आधीपासून कोणाकडे असते, तर तेवढ्याच सिमेंटमध्ये अधिक राहण्याजोगे गाव झाले असते.

महाराष्ट्रात ही परंपरा नवी नाही. इरावती कर्वे यांनी कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली होती आणि ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. विस्थापन म्हणजे केवळ जमिनीच्या बदल्यात जमीन नव्हे, हे तेव्हाच आपल्या मातीत अभ्यासले गेले होते. दुसरी बाजूही नवागतांनी जाणून घ्यावी. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड मांडण्याचा खटाटोप केला. हे शास्त्र राज्यकर्त्यांच्या हातचे साधन होऊ शकते हे विसरून क्षेत्रात जाणे मला धोक्याचे वाटते.

शिक्षणाबद्दल थोडक्यात सांगते. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात मानवशास्त्राचा विभाग आहे, आणि माझ्या वर्गात कला, विज्ञान, अगदी वैद्यकातूनही आलेले विद्यार्थी होते. सामाजिक-सांस्कृतिक, जैविक, पुरातत्त्वीय आणि भाषिक या चारही शाखांची तोंडओळख होते, मग आपण एक निवडतो. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाचे एक प्रादेशिक केंद्र नागपूरला आहे, पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि सार्वजनिक आरोग्य, पुनर्वसन व आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रकल्पांतही काम मिळते. पगार सुरुवातीला बेताचा असतो आणि पदाच्या नावात ‘मानवशास्त्रज्ञ’ हा शब्द क्वचितच असतो, याची तयारी ठेवावी.

यापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते ती सवय. रोजच्या नोंदी त्याच रात्री लिहाव्यात, दुसऱ्या दिवशी आठवण स्वतःच्या सोयीने बदललेली असते. माणसाचे शब्द त्याच्याच बोलीत टिपावेत, कारण ‘गेमो’चे भाषांतर ‘रोग’ असे केले की त्यातला सगळा अर्थ निसटतो. पुरुष बोलत असतील त्या ओसरीवर बसावेच, पण चुलीजवळही बसावे. आणि ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे तेथे वही उघडू नये. मी एकदा उघडली होती. त्या घरातील मावशींनी मला काहीही न बोलता चहा दिला आणि पुढे मी तिथे असेपर्यंत माझ्याशी एक वाक्यही बोलल्या नाहीत. त्यांचे वागणे बरोबर होते.

शिरोळच्या त्या गावात मी २०१९ नंतर दर उन्हाळ्यात जात राहिले. भिंतीवर जुन्या रेषेच्या वर आता नवी रेषा आहे. आम्ही गावातील महिलांबरोबर बसून एक वही केली: घर, जनावरे, गाभण कोणती, कोणत्या गावातले पाहुणे ती ठेवून घेतील, आणि घरात उचलून न्यावे लागेल असे म्हातारे माणूस कोण. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढू लागले तेव्हा ती वही सरपंचांच्या घरातून बाहेर निघाली आणि पहिला टेम्पो पाऊस जोरात असतानाच, रस्ता बुडण्याच्या आधी भरला. अशी वही करायला पदवी लागत नाही. ज्यांना हा विषय घ्यावा की नाही असा प्रश्न पडला आहे, त्यांनी यंदाच्या उन्हाळ्यात आपल्या गावातील दहा घरांपुरती ती करून पाहावी. मन रमले, तर प्रवेशाचा अर्ज भरावा.