व्यापार जीडीपीच्या किती टक्के: हा आकडा कसा वाचावा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी बिलं करते आणि संध्याकाळी वडगावात बी.कॉम.च्या मुलांना शिकवते. सिंगापूरचा परदेश व्यापार जीडीपीच्या (म्हणजे देशात वर्षभरात झालेल्या उत्पादनाच्या किमतीच्या) 300 टक्क्यांवर, अमेरिकेचा 25 च्या आसपास, मग अमेरिका व्यापारात मागे कशी, हा प्रश्न वर्गात हटकून येतो. उत्तर पाठ करू नका. आकडा उलगडायला शिका.

आधी सूत्र मांडा: वर्षाची निर्यात अधिक आयात, भागिले जीडीपी, गुणिले 100. यात वर मालाची पूर्ण किंमत असते, खाली मात्र देशात पडलेली भर तेवढीच. समजा 70 रुपयांचे सुटे भाग बाहेरून आणले, इथं जोडले आणि 100 रुपयांना परदेशी विकले. व्यापारात 170 धरले गेले, जीडीपीत फक्त 30. त्यामुळं टक्का शंभराच्या पुढं गेला तर दचकू नका. सिंगापूरच्या बंदरात उतरलेला बराच माल तिथून पुढं दुसऱ्या देशाला जातो, म्हणजे येताना आयातीत आणि जाताना निर्यातीत.

मग देशाचा आकार बघा. मी तर म्हणेन, सगळ्यात जास्त वेळ इथंच द्या. शिनोळी बेळगावच्या अगदी शेजारी, पण गाव कोल्हापूर जिल्ह्यात. तिथल्या गिऱ्हाइकाला हायड्रॉलिकचा पार्ट पाठवला की बिलावर आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा कर, लावते. हुबळी शंभरेक किलोमीटर लांब, तरी राज्य एकच, म्हणून तिकडच्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात विक्रीवरचे कर. पार्ट तोच, मशीनही तेच. राज्यांऐवजी हे देश असते तर शिनोळीचं बिल निर्यातीत गेलं असतं, हुबळीचं गेलं नसतं. बेळगावहून गोव्याला रोज जाणारी भाजीसुद्धा निर्यातच ठरली असती. युरोपात हेच घडतं: नेदरलँड्समधून बेल्जियमला निघालेला ट्रक निर्यात घेऊन जातो, टेक्सासहून कॅलिफोर्नियाला निघालेला नाही, मग तो कितीही लांब जावो. मोठ्या देशात बहुतेक देवघेव घरातल्या घरात होते, म्हणून टक्का कमी दिसतो.

पण आकारावर सगळं ढकलू नका. 1990 मध्ये भारताचा टक्का 15 च्या आसपास होता. 1991 नंतर आयात परवाने आणि जकाती कमी होत गेल्या, आता तो 45 च्या घरात आहे. देश तेवढाच, धोरण बदललं. चीनचा प्रवास उलटा आहे. 2006 च्या सुमारास 60 च्या वर होता, आता 40 च्या खाली आला. चीनचा व्यापार आटला म्हणून नव्हे, तो तर कितीतरी वाढला. पण देशातली बाजारपेठ त्याहून वेगानं फुगली, आणि पूर्वी बाहेरून येणारे बरेच सुटे भाग तिथंच बनू लागले. मुलांना हे उदाहरण मी मुद्दाम देते, कारण टक्का घसरला की लगेच देश बुडाला म्हणायची घाई असते.

भूगोलही बघून घ्या. नेपाळला समुद्र नाही, त्याचा समुद्रावाटे येणारा बराच माल कोलकात्याच्या बंदरातून येतो आणि वाटखर्च अंगावर पडतो, म्हणून व्यापार वाढवणं जड जातं.

एवढं झालं की तुलना करा, पण जोडी नीट निवडा. सिंगापूरशेजारी भारत ठेवून काही कळत नाही. व्हिएतनाम आणि बांगलादेश घ्या: दोन्ही आशियातले, दोघांनाही समुद्र, दोघांचीही लोकसंख्या कोटींत मोठी. तरी व्हिएतनामचा टक्का 150 च्या वर आणि बांगलादेशचा 30 च्या आसपास. व्हिएतनाममध्ये फोन आणि इलेक्ट्रॉनिक्सची जोडणी चालते, त्यासाठी महागडे भाग आधी आयात होतात. वरचा 70 आणि 100 चा हिशेब इथं लावून बघा. बांगलादेशची निर्यात मुख्यतः तयार कपड्यांची.

आकडे जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. एकाच वर्षावर भिस्त ठेवू नका. 2020 मध्ये कोविडनं व्यापार घसरला, 2022 मध्ये तेल महागल्यानं आयातीची रक्कम फुगली. किमान दहा वर्षांची रांग काढा आणि तिच्याशेजारी त्या काळातली धोरणं लिहा.