वाडीतल्या खोल्यांपर्यंत घरचं नेट नेताय? या चुका टाळा

कोकणात होमस्टे चालवणाऱ्या बहुतेकांचं घर रस्त्याला लागून आणि पाहुण्यांच्या खोल्या मागे वाडीत, समुद्राच्या अंगाला. गुहागर, दिवेआगर, श्रीवर्धन कुठेही बघा, आगरं (घरामागच्या नारळ-पोफळीच्या वाड्या) अशीच लांबच लांब पट्ट्यांसारखी. फायबरवाला घरापर्यंत येतो, पडवीत राउटर लावून जातो, आणि रात्री साडेनवाला खोलीतून फोन येतो की दादा वायफाय चालत नाहीये. आमच्याकडे मोबाइलला धड रेंज नाही, त्यामुळे पाहुण्याला यूपीआयने पैसे द्यायलासुद्धा वायफाय लागतं.

आमच्या दोन खोल्या घरापासून साधारण ७० मीटरवर आहेत. या ७० मीटरसाठी मी तीन वेळा खर्च केलाय. पहिल्यांदाच नीट कोणी सांगितलं असतं तर दोन खर्च वाचले असते, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

पहिली चूक, रिपीटरवर भरवसा

मे महिन्यात मी मागच्या खिडकीत रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, लावला आणि खोलीत मस्त चाललं. जुलैत पाऊस लागला आणि सगळं बंद. कारण साधं आहे, पाणी वायफायचा सिग्नल खातं, आणि पावसाळ्यातली वाडी म्हणजे पोफळी, केळी, माड, सगळी पानं पाण्याने निथळत असतात. वायफायचे दोन बँड असतात, त्यातला २.४ गिगाहर्ट्झ थोडाफार तग धरतो, ५ तर लगेच मान टाकतो. त्यात आपल्या चिऱ्याच्या भिंती जाडजूड, एक भिंत ओलांडतानाच निम्मा जीव जातो.

शिवाय साधा रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे पाठवतो, म्हणून स्पीड जवळपास अर्धा होतो. पाहुण्याच्या फोनवर काड्या मात्र फुल दिसतात, कारण त्या काड्या रिपीटर ते फोन एवढ्याच असतात, रिपीटर ते घर या अंतराचं त्या काहीच सांगत नाहीत. "फुल रेंज आहे पण नेट नाही" असं कोणी म्हणालं की आधी तिथे बघा.

मध्ये भातशेती किंवा मोकळं खळं असेल तर मात्र ५ गिगाहर्ट्झचे समोरासमोर लावायचे दोन आउटडोअर अँटेना छान चालतात. फक्त नुसतं दिसून भागत नाही, १०० मीटर अंतराला मधोमध रेषेच्या सगळ्या बाजूंनी साधारण सव्वा मीटर तरी मोकळं हवं, आणि वाऱ्याने झावळी आडवी येणार नाही ना ते बघायचं. वाडीतून मात्र हा नाद नको.

दुसरी चूक, आणि ही सगळ्यात महागडी: तांब्याची केबल

दुसऱ्या वर्षी मी लॅन केबल (राउटरला लावायची नेटची वायर) ओढली, माडांना बांधत बांधत. दुकानदाराने दिली ती घेतली, नंतर कळलं की आत तांबं नव्हतंच, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा होता. वरचं आवरण घरात वापरायचं, ते उन्हाने वर्षभरात तडकलं, पाणी आत गेलं आणि खाऱ्या हवेने पिनांवर हिरवं चढलं. लॅन केबलची हद्द १०० मीटर, पण असल्या केबलला त्याच्या आतच धाप लागते.

तरी चालत होती. मग ऑक्टोबर आला. परतीच्या पावसाच्या विजा कशा असतात ते आपल्याला माहितीच आहे. त्या संध्याकाळी वीज आमच्याकडे पडलीच नाही, दोन आगरं सोडून एका माडावर पडली, पण आमच्या राउटरचे पोर्ट गेले, खोलीतला नेटचा स्विच (एका केबलच्या अनेक जोडण्या करणारा डबा) गेला आणि त्याला केबलने जोडलेला टीव्हीपण गेला. स्विच उघडून बघितला तर पोर्टच्या मागची चिप फुटून काळी पडली होती, आणि नखाएवढा तुकडा डब्यात खुळखुळत होता. आईने त्या संध्याकाळी मेन स्विच पाडला होता, तरीही. कारण लॅनची तार मेन स्विचला विचारत नाही. घराचं अर्थिंग वेगळं, खोल्यांचं वेगळं, जवळपास वीज पडली की दोन्हीकडच्या जमिनीत व्होल्टेजचा फरक पडतो, आणि दोघांना जोडणारी धातूची तार आपण स्वतःच्या हाताने टाकून ठेवलेली असते.

म्हणून दोन इमारतींच्या मध्ये फायबरच टाका. काचेतून करंट जात नाही. सिंगल मोड फायबर, दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल एकमेकांना जोडणारा डबा), बस. जोडणी तुमचा नेहमीचा फायबरवाला करून देतो. पण इथेही लोक चुकतात ते सांगतो. एका कोअरवर, म्हणजे काचेच्या एकाच धाग्यावर, चालणारे कन्व्हर्टर जोडीने येतात, एक ए आणि एक बी, एकाची लाइट १३१० नॅनोमीटर तरंगलांबीवर जाते तर दुसऱ्याची १५५० वर, दोन्ही ए घेतलेत तर लिंक लागणारच नाही. हिरवा कनेक्टर हिरव्यात, निळा निळ्यात, सरमिसळ नको. केबलच्या आधाराला लोखंडी तार असते, तीपण वीज आत आणू शकते, त्यामुळे धातू नसलेली केबल मागा, नाहीतर ती तार दोन्हीकडे घराबाहेरच छाटा. आणि कोअर एकच नको, दोन-चार असू देत, पैशात फार फरक पडत नाही.

केबल झाडांवरून नेऊ नका, नारळ पडतात. दीड फूट चर मारून काळ्या पाइपातून न्या, शिंपण्याच्या पाटापासून बाजूला, आणि पाइपाची तोंडं नीट बंद करा, नाहीतर उंदीर शिरतात. पाइपात एक नायलॉनची दोरी मोकळी टाकून ठेवा, उद्या दुसरी केबल ओढायची झाली तर परत खणायला नको. आणि चर कुठून गेलाय त्याचा फोटो काढून ठेवा, मातीने बुजल्यावर गड्याला कुठे टिकाव घालू नको ते सांगता येत नाही.

खोलीतला राउटर नुसता जोडून सोडू नका

घरून आलेली केबल खोलीतल्या राउटरच्या लॅन पोर्टात घातली आणि त्याचं डीएचसीपी, म्हणजे प्रत्येक फोनला नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) वाटायचं काम, चालूच राहिलं, तर एकाच नेटवर्कवर दोघं जण आयपी वाटायला बसतात. मग कोणाचं चालतं, कोणाचं नाही, आणि आपण फायबरवाल्याला शिव्या घालतो. राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो नुसतं वायफाय देतो, आयपी वाटत नाही. तो मोड नसेल तर डीएचसीपी बंद करा, त्याचा आयपी घरच्या राउटरपेक्षा वेगळा करा आणि केबल लॅन पोर्टात घाला. २.४ चे चॅनल १, ६, ११ यातलेच, घरी एक आणि खोलीत दुसरा.

पाहुण्यांना घरचा पासवर्ड देऊ नका, गेस्ट नेटवर्क वेगळं करा. पण अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये स्वस्त राउटरचं गेस्ट नेटवर्क बऱ्याचदा नावापुरतंच वेगळं असतं, त्याला जोडून घरच्या कॅमेऱ्याचं पान उघडतंय का ते स्वतः तपासा. आणि घरगुती कनेक्शन पाहुण्यांना द्यायला चालेल का, हे कंपनीला आधीच विचारून घ्या.

लाइट गेली की

इन्व्हर्टर घरात असतो, खोल्यांवर नसतो, त्यामुळे लाइट गेली की घरी नेट चालू आणि खोलीत बंद. खोलीतल्या राउटरला आणि कन्व्हर्टरला छोटा यूपीएस लावा, पण पिन बसली म्हणून लावू नका, राउटर बहुतेक १२ व्होल्टचा असतो आणि कन्व्हर्टर बहुतेक ५ चा. माझ्या चुलतभावाने १२ ची पिन कन्व्हर्टरला लावली आणि तो तिथल्या तिथे मेला. खाली छापलेलं वाचा, पिनेवर रंगीत टेप लावा.

बंद पडलं तर

घरून सुरुवात करा. आधी राउटरला केबलने लॅपटॉप लावून बघा, तिथेच नेट नसेल तर वाडीत जायची गरजच नाही. मग कन्व्हर्टरचे दिवे बघा. फायबरचा दिवा दोन्हीकडे बंद म्हणजे फायबरचं काहीतरी, बहुतेकदा कनेक्टरवर धूळ किंवा खिडकीत केबल दुमडलेली. टोकात डोळा घालून बघू नका. फायबरचा दिवा आहे पण लॅनचा नाही, तर कन्व्हर्टरला लावलेली छोटी लॅन केबल (पॅच कॉर्ड) बदला, खाऱ्या हवेत तीच आधी जाते. सगळे दिवे नीट आणि फोनला आयपी १६९.२५४ ने सुरू होणारा मिळतोय, तर फोनला डीएचसीपीच पोचत नाहीये, खोलीतल्या राउटरची सेटिंग बघा. आणि घर, खोल्या सगळंच एकदम लटकलं असेल तर स्विच बघा, एकाच वायरची दोन्ही टोकं कोणी त्यातच खोचलीयत का. आमच्याकडे झाडलोट करताना एक टोक लोंबताना दिसलं म्हणून मावशींनी ते रिकाम्या भोकात घातलं होतं, तेव्हापासून रिकाम्या पोर्टांवर मी चिकटपट्टी लावून ठेवलीय.