बोटांनी पाहायचं चित्र : चित्रकथीचा उठावदार नमुना कसा करावा

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१५ साली सहा चित्रांच्या उठावदार प्रती करून अंध रसिकांना त्यांवर हात फिरवू दिला. तिथे छपाईचं खास तंत्र वापरलं होतं. आपल्या कोकणात मात्र यासाठी लागणारं बरंचसं कसब गणपतीच्या कारखान्यांत आधीपासूनच आहे : शाडू, साचा, प्लास्टर, काथ्या.

चित्र निवडताना कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे गाऊन गोष्ट सांगताना दाखवायची चित्रं, घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. ठाकर समाजाने जपलेल्या या चित्रांत चेहरे बाजूने दिसतात, डोळे मोठे आणि बाह्यरेषा ठसठशीत असतात. दूरचं-जवळचं असा भास जवळजवळ नसतो, आणि आपल्याला तेच हवं आहे. क्षितिजावरचं गलबत एवढंसं का, हे जन्मांध माणसाच्या बोटांना कसं कळावं? म्हणून समुद्राची निसर्गचित्रं सुरुवातीला नकोत. चित्र ज्यांचं, त्यांची परवानगी मात्र आधी घ्या.

आता छाटणी. सगळ्यात अवघड काम हेच, आणि नमुना साधतो की फसतो तेही इथेच ठरतं. समजा, चित्रात रावण आणि जटायू आहेत. ट्रेसिंग पेपरवर बाह्यरेषा उतरवा. वस्त्रावरची नक्षी, दागिने, रिकाम्या जागेतली फुलं गाळा. बोटाच्या टोकाला दोन बिंदू वेगळे कळायला त्यांच्यात साधारण अडीच मिलिमीटर अंतर लागतं. आपण चार तरी ठेवावं. रावणाची दहा तोंडं आहेत त्या मापात उतरवली, तर हाताला नुसती खडबडीत पट्टी लागते. म्हणून चित्र ए-३ कागदाएवढं मोठं करा आणि नाकांच्या शेंड्यांमध्ये जागा सोडा, म्हणजे बोट एकेक नाक मोजत दहापर्यंत जाईल. जटायूचा पंख रावणाच्या हातावर आला असेल तर खुशाल बाजूला सरकवा. डोळ्यांना चालणारी गर्दी हाताला चालत नाही.

फळीवर शाडूचा सपाट थर देऊन त्यावर आकृत्या चढवा. उंचीचे तीनच टप्पे ठेवा : झाडं वगैरे ३ मिलिमीटर, पात्रं ६, आणि तलवार, चोच यांसारखं पुढे येणारं १०. पोतही मोजकेच. पिसांना कोरणीने एका दिशेच्या रेघा, वस्त्रावर ओल्या सुती कापडाचा दाब, अंग गुळगुळीत. कडांना बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या. आत वळलेली खाच राहिली तर साचा अडकतो.

माती जरा आवळली की अंध व्यक्तीला बोलवा आणि तिच्या वेळेचं मानधन द्या. ‘हा पंख कळला का?’ असं विचारू नका. ‘हाताला काय लागतंय?’ एवढंच विचारा आणि उत्तर येईल तशी दुरुस्ती करा. ही पायरी गाळू नका. डोळे मिटून आपणच चाचपून पाहण्यात अर्थ नाही, कारण चित्र आपल्याला आधीच ठाऊक असतं.

मग या मातीच्या नमुन्यावरून रबरी साचा घ्या. त्यात ओतायचं प्लास्टर कालवताना पाण्यात प्लास्टर सोडा, प्लास्टरवर पाणी ओतू नका. वजनाने १०० भाग प्लास्टरला सुमारे ७० भाग पाणी. मागच्या थरात काथ्या घाला. आपल्या दमट हवेत वाळायला वेळ लागतो. नमुना गालाला लावून पाहा. गार लागला तर आत ओल आहे. पूर्ण वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर मारा, रंग द्या आणि वर चमक नसलेलं व्हार्निश लावा. रंग उठून दिसणारे निवडा, कारण अनेक अंध व्यक्तींना थोडंफार दिसत असतं.

शीर्षक ब्रेल पाटीवर (कागदावर ठिपके उठवायच्या साधनावर) काढून तो कागद चिकटवा आणि जाणकाराकडून तपासून घ्या. नमुना भिंतीवर टांगू नका. टेबलावर थोडा तिरका ठेवा, म्हणजे कोपरं टेकतात.

चित्रकथी मुळात गात-सांगत दाखवायची कला. तेव्हा पिंगुळीच्या कलाकारांकडूनच आख्यान ध्वनिमुद्रित करून घ्या. रंग शब्दांत येऊ द्या. सुरुवातीला चित्राचा आकार आणि कोण कुठे आहे ते सांगा, मग कथा. तुकडे दोन-तीन मिनिटांचे करा आणि मध्ये थांबायची सोय ठेवा. आख्यानाच्या वेगाने हात चालत नाहीत.