परोपजीवीकरणाची टक्केवारी काढण्यापूर्वी: जैविक कीड नियंत्रणाच्या नव्या संशोधकांसाठी

कृषी कीटकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात जैविक नियंत्रणाचा विषय निवडणाऱ्यांना किडीचा जीवनक्रम, आर्थिक नुकसानीची पातळी आणि परभक्षी (किडीला खाणारे कीटक) व परोपजीवी (किडीच्या अंड्यात किंवा अळीत स्वतःची अंडी घालून तिला मारणारे कीटक) यांतील फरक ठाऊक असतो, म्हणून ते मी पुन्हा सांगत बसत नाही. माझ्या प्रबंधाचा एक संपूर्ण हंगाम ज्या आकड्यापायी अडून बसला, त्याविषयी मात्र सविस्तर सांगणार आहे. तो आकडा म्हणजे शेतातील परोपजीवीकरणाची टक्केवारी, म्हणजेच किडीच्या दर शंभर अंड्यांपैकी किंवा अळ्यांपैकी किती परोपजीवीग्रस्त झाल्या ते प्रमाण.

मक्यावरील लष्करी अळीचेच उदाहरण घेऊ. मूळची अमेरिकेतील ही कीड २०१८ मध्ये भारतात प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. मादी पतंग पानावर पुंजक्याने अंडी घालते व बहुधा त्यांवर स्वतःच्या अंगावरील खवल्यांचा थर पसरते. टेलेनोमस आणि ट्रायकोग्रामा हे सूक्ष्म परोपजीवी त्या अंड्यांत आपली अंडी घालतात, आणि काही दिवसांत अशी अंडी काळी पडतात. आठवड्यातून एकदा प्लॉटवर जावे, सापडतील ते अंडीपुंज आणून काचनळीत ठेवावेत, कापसाचा बोळा लावावा, किती अंड्यांतून अळ्या निघाल्या आणि किती अंड्यांतून परोपजीवी, हे मोजून टक्केवारी काढावी, अशी सर्वसाधारण रीत आहे. ती दिसते सरळ, पण तिच्यातून आलेला आकडा खोटा असू शकतो.

कारण असे की, खरिपाच्या उबदार हवेत निरोगी अंडे साधारण तीन दिवसांत उबते. परोपजीवीग्रस्त अंडे मात्र नऊ-दहा दिवस पानावरच राहते. समजा, प्लॉटमध्ये रोज १०० नवी अंडी घातली जातात आणि त्यांतील २० पहिल्याच दिवशी परोपजीवीग्रस्त होतात. खरे प्रमाण २० टक्के झाले. आता कोणत्याही एका दिवशी शेतात काय दिसेल? निरोगी अंडी ८० गुणिले ३, म्हणजे २४०. आणि परोपजीवीग्रस्त अंडी २० गुणिले ९, म्हणजे १८०. एकूण ४२० पैकी १८० म्हणजे जवळजवळ ४३ टक्के. तुम्ही मोजणीत कोठेही चुकलेला नसता, तरी आकडा दुपटीहून मोठा येतो. आधी उबलेल्या निरोगी अंड्यांची कवचे अळ्याच खाऊन टाकत असल्याने त्यांचा मागही उरत नाही.

अळ्यांच्या बाबतीत उलट घडते. कॅम्पोलेटिससारखा परोपजीवी अळीला लहान वयातच मारतो, त्यामुळे मक्याच्या पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत) सहज दिसणाऱ्या मोठ्या अळ्याच गोळा करून आणल्या, तर त्या वाचलेल्या अळ्या असतात आणि परोपजीवी जणू शेतात नाहीच असे वाटते.

यावर उपाय आहे, पण तो कष्टाचा आहे. कुंडीतील मक्याच्या रोपांवर प्रयोगशाळेतील पतंगांकडून अंडी घालून घ्यावीत, ती रोपे ठरावीक काळ, उदाहरणार्थ दोन दिवस, शेतात ठेवून परत आणावीत आणि टक्केवारीबरोबर तो कालावधीही लिहावा. नाहीतर खुणा केलेल्या झाडांवर रोज फिरून प्रत्येक अंडीपुंज कोणत्या दिवशी प्रथम दिसला याची नोंद ठेवावी आणि त्याचा शेवट होईपर्यंत पाठपुरावा करावा. आठवड्याच्या एका फेरीत हे साधत नाही, आणि साधते असे सांगणाऱ्या ज्येष्ठांवर विश्वास ठेवू नये.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या पाहण्यापेक्षा ते पावसाळ्यात तुमच्या प्लॉटवर येतात का, हे जुन्या विद्यार्थ्यांना विचारावे, असे माझे ठाम मत आहे. टक्केवारीतील वरील फसगत टेबलावरील तक्त्यात दिसत नाही. ती बांधावर उभे राहिल्यावर लक्षात येते.

मोबाइलच्या छायाचित्रावरून परोपजीवीची प्रजात ठरवण्याचा आडमार्गही मला मान्य नाही. ट्रायकोग्रामा जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा असतो. त्याची प्रजात ओळखण्यासाठी नराच्या जननेंद्रियांची रचना किती महत्त्वाची आहे, हे सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी १९७१ मध्येच मांडले. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी तयार करण्यास शिकावे आणि शक्य तेव्हा नमुने बंगळूरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोतील वर्गीकरणतज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत. उत्तर यायला वेळ लागतो, तोवर निबंध थांबला तरी चालेल.

हे वाचून कोणी घाबरून विषय बदलू नये. २००२ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातील उसावर लोकरी मावा ही रस शोषणारी कीड पसरली, तेव्हा डिफा आणि मायक्रोमस या परभक्षींनी तिला आवरण्यात मोठा वाटा उचलला, आणि पाने उलटून त्यांच्या अळ्या मोजणाऱ्यांच्या कामावरच पुढील शिफारशी उभ्या राहिल्या. अशी मोजणी सुरुवातीला कोणालाच नीट जमत नाही. पहिल्या हंगामातील आकडे विस्कळीत निघाले तर ते वाया गेले असे समजू नये. नमुना कधी आणि कोणत्या वयाचा घेतला याची नोंद असेल, तर त्यांतून पुष्कळ काही वाचवता येते.

ट्रायकोकार्डसाठी (ट्रायकोग्रामाग्रस्त अंडी चिकटवलेल्या, शेतात लावायच्या कार्डासाठी) लागणारी अंडी मिळवायला तांदळावरील पतंग वाढवत असाल, तर पतंग गोळा करताना मास्क कधीही काढू नये, कारण हवेत उडणाऱ्या खवल्यांमुळे श्वासाचे विकार जडू शकतात. अल्कोहोलमधील नमुन्यांच्या चिठ्ठ्या पेन्सिलीनेच लिहाव्यात. बॉलपेनची शाई विरघळते आणि मग कोणता नमुना कोणत्या प्लॉटचा, हे सांगता येत नाही.