कॉम्प्युटर हँग झाला की लगेच ड्रायव्हर बदलू नका: ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत या चुका टाळा

व्हिडिओ चालू असतो आणि मध्येच चित्र थांबतं. आवाज एकाच जागी टर्रर्र करत अडकतो, माउसचा बाण हलत नाही. अशा वेळी बहुतेक जण पॉवरचं बटण दाबून धरतात आणि मशीन परत चालू झालं की ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे पडद्यावर चित्र काढणाऱ्या भागाचा, नवा ड्रायव्हर (विंडोज आणि कार्ड यांना जोडणारं सॉफ्टवेअर) शोधायला बसतात. या दोन्ही गोष्टी घाईच्या आहेत, आणि त्या घाईत नेमका बिघाड कुठे आहे हे सांगणारी खूण हातची जाते.

बटणाकडे हात नेण्याआधी दहा-पंधरा सेकंद थांबा आणि कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागतोय, विझतोय? मग मशीन आतून चालू आहे, अडकलंय ते फक्त चित्र. आता विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. पडदा क्षणभर काळा होतो, बहुधा एक बीप ऐकू येते आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडं असलेलं काम सहसा तसंच राहतं. अर्धवट लिहिलेला अहवाल किंवा मुलांचा प्रोजेक्ट यानं वाचू शकतो, म्हणून ही युक्ती घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. दिवा अजिबात दाद देत नसेल तर मात्र अख्खं मशीन थांबलंय. मग संशय एकट्या ड्रायव्हरवर ठेवू नका. रॅम, वीजपुरवठा आणि तापमान हेही तितकेच संशयित.

नोंद वाचताना होणारी चूक

विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्ये एक पहारा बसवलेला आहे. ग्राफिक्स कार्डाला दिलेलं काम २ सेकंदांत पुढे सरकलं नाही, तर विंडोज कार्ड आणि ड्रायव्हर दोन्ही रीसेट करते. ते जमलं तर पडदा काळा होऊन परत येतो आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ‘सिस्टिम’ या भागात ४१०१ क्रमांकाची नोंद पडते: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता तो पूर्ववत झाला. रीसेट जमलंच नाही, किंवा मिनिटभरात असं पुन्हा पुन्हा होत राहिलं, तर निळा पडदा येतो.

ही नोंद वाचून लोक म्हणतात, बघा, ड्रायव्हरच खराब आहे. नोंदीचा अर्थ एवढाच की ठरलेल्या वेळेत कार्डाकडून उत्तर आलं नाही. का आलं नाही, हे ती सांगत नाही. कार्ड तापलेलं असेल, त्याला वीज कमी पडत असेल, त्याची मेमरी बिघडलेली असेल, तरी नाव ड्रायव्हरचंच येतं. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार इथे रोज घडतो.

तसंच ‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदीचं. ती लाल खुणेसह दिसली की पॉवर सप्लाय गेला असं समजून लोक नवा घेऊन येतात. मशीन नीट शट डाऊन न होता बंद पडलं, एवढंच ती सांगते. तुम्ही बटण दाबून धरलंत तरी तीच नोंद पडते.

हा २ सेकंदांचा पहारा रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) जाऊन ८ किंवा १० सेकंदांचा करा, असा सल्लाही सर्रास दिला जातो. घरच्या वापरासाठी तो मला अजिबात पटत नाही. मूळ बिघाड तसाच राहतो, फक्त हँग जास्त वेळ टिकतो.

वीज आणि उष्णता

माझ्या घरच्या मशीनवर गेम सुरू केला की दहाएक मिनिटांत सगळं थांबायचं. एरवी दिवसभर काही त्रास नाही. दोन शनिवार-रविवार मी ड्रायव्हर बदलण्यात घालवले. शेवटी कॅबिनेट उघडून टॉर्च मारली, तर कार्डाला जाणारा ८ पिनांचा वीजजोड एका बाजूने नखभर वर राहिलेला. वरून बघताना बसल्यासारखाच वाटत होता, पण त्याची खिट्टी अडकलेली नव्हती. अंगठ्याने दाबला, टक्क आवाज आला. त्यानंतर ४१०१ची नोंद परत आलेली नाही.

कारण सरळ आहे. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनांच्या जोडातून आणखी ७५ आणि ८ पिनांच्या जोडातून १५०. साध्या कामाला कार्ड फार वीज ओढत नाही, म्हणून सैल जोडही चालून जातो. ताण आला की तो उघडा पडतो. जोड तपासताना मशीन बंद करून वायर भिंतीतल्या सॉकेटमधून काढा, मगच हात घाला.

म्हणून हँग नेमका कधी होतो हे वहीत लिहून ठेवा. ताण आल्यावर होत असेल तर आधी वीज, पंखे आणि धूळ बघा. फक्त ब्राउझरमध्ये व्हिडिओ बघताना होत असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन (ब्राउझरचं काम ग्राफिक्स कार्डावर टाकणारी सोय) चाचणीपुरतं बंद करून बघा. काहीच न करता, नुसत्या डेस्कटॉपवर होत असेल आणि तेही परवाच्या अपडेटपासून, तर ड्रायव्हरवरचा संशय रास्त आहे. ओव्हरक्लॉक केलेलं, म्हणजे वेग ठरलेल्यापेक्षा वाढवलेला असेल किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) रॅमचा वेग वाढवलेला असेल, तर तपासणीआधी सगळं मूळ स्थितीत आणा. आणि बदल एका वेळी एकच करा.

ड्रायव्हर बदलायचाच असेल तर

सर्वांत नवा तो सर्वांत चांगला, असं धरून चालू नका. मार्च २०१० मध्ये एनव्हिडिया या ग्राफिक्स कार्डांच्या कंपनीला आपला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला होता, कारण त्याने पंख्याचं नियंत्रण बिघडून कार्डं तापत होती. कालपर्यंत नीट चाललेलं मशीन अपडेटनंतर बिघडलं असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टर उघडा आणि ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरा. तुम्ही अपडेट केलं नसेल तरी ड्रायव्हरची तारीख बघा, विंडोज अपडेट तो परस्पर बदलतं.

कार्ड जुनं असेल तर ते आजच्या ड्रायव्हरमध्ये बसतं का, हे आधी पाहा. उदाहरणार्थ, एनव्हिडियाच्या केप्लर नावाच्या जुन्या पिढीची कार्डं ४७० मालिकेच्या ड्रायव्हरपाशीच थांबली आहेत. लॅपटॉपमध्ये बहुधा प्रोसेसरमधलं आणि वेगळं अशी दोन ग्राफिक्स असतात, तिथे आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीनेच दिलेला ड्रायव्हर घालून बघा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणाऱ्या ॲपच्या वाटेला जाऊ नका.

जुन्यावर नवा घालून उपयोग झाला नाही, तर जुना मुळापासून काढावा लागतो. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं मोफत साधन आहे. इथे क्रम चुकला की मेहनत वाया जाते. हवा तो ड्रायव्हर आधी डाउनलोड करून ठेवा, मग इंटरनेट तोडा, नाहीतर तुम्ही काढलेली जागा विंडोज स्वतःच भरून टाकते. नंतर सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू होते ती अवस्था) जाऊन जुना काढा, मशीन रीस्टार्ट करा, नवा घाला आणि शेवटी इंटरनेट जोडा. ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर सेफ मोडमध्ये जाताना रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती ४८ अंकांची की आधीच कागदावर उतरवून ठेवा. ती नसल्यामुळे ड्रायव्हरचं दुखणं बाजूला राहून फोटोंना मुकण्याची वेळ येऊ शकते.

बायोसच्या पडद्यावरच रंगीत ठिपके, चौकोन किंवा रेघा दिसत असतील, तर मात्र ड्रायव्हर शोधणं थांबवा. तिथे विंडोजचा ड्रायव्हर अजून सुरूच झालेला नसतो. मॉनिटर आणि केबल बदलूनही रेघा तशाच राहिल्या, तर बहुधा कार्डातच दोष आहे.

एवढं करूनही उलगडा होत नसेल आणि प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल, तर कार्ड काढून ठेवा, मॉनिटरची केबल मदरबोर्डावर जोडा आणि दोन-तीन दिवस नेहमीची कामं करा. हँग थांबला तर दोष कार्डात, त्याच्या विजेत किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये आहे. तरीही होत राहिला तर नवं कार्ड घेऊ नका, रॅमच्या पट्ट्या एकेक करून काढून तपासायला लागा.