माहिती अधिकारात ‘गोपनीय’ म्हणून नकार आला? या चुका टाळा

‘सदर माहिती गोपनीय असल्याने देता येत नाही.’ एवढं एक वाक्य वाचून कितीतरी अर्जदार अर्ज फाईलला लावून गप्प बसतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

माहिती अधिकार अधिनियम २००५ मध्ये ‘गोपनीय’ हा शिक्का म्हणजे नकाराचं कारण नव्हे. नकार द्यायचा तर कायद्यातलं नेमकं कलम सांगावं लागतं, आणि ते तुम्ही मागितलेल्या कागदाला कसं लागू होतं हेही. नकार योग्य होता हे अपिलात सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) ने जन माहिती अधिकाऱ्यावर टाकली आहे. ‘चौकशी सुरू आहे’ हे उत्तर तर सर्रास येतं. नुसती चौकशी सुरू असणं पुरेसं नाही, माहिती दिल्याने तिला अडथळा कसा येईल ते दाखवलं पाहिजे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलं आहे. अपिलात हे जरूर लिहा.

१९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा पुढे केला तरी घाबरू नका. दोन कायदे एकमेकांच्या आड आले तर कलम २२ नुसार माहिती अधिकार वरचढ ठरतो. शिवाय कलम ८(२) आहे: माहिती उघड होण्यातलं जनहित होणाऱ्या हानीपेक्षा मोठं असेल, तर संरक्षित कागदही देता येतो. राफेल प्रकरणात १० एप्रिल २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच तरतुदीचा दाखला दिला. पण जनहित म्हणजे काय ते तुम्हालाच मांडावं लागेल. नोव्हेंबर २०२५ पासून ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार द्यायची सूट फार रुंदावली आहे, त्यामुळे तिथे तर हा मुद्दा सोडूच नका. मला स्वतःला तो बदल घातक वाटतो.

देशाची सुरक्षा, खबऱ्याची ओळख ही गुपितं खरी आहेत आणि ती जपलीच पाहिजेत. म्हणून एका परिच्छेदासाठी अख्खी फाईल अडवू द्यायची का? अर्जातच लिहा: ‘काही भाग देता येत नसल्यास कलम १० नुसार तो वगळून उर्वरित माहिती द्यावी.’ हे वाक्य फार थोड्या अर्जांत दिसतं.

दुसरी चूक प्रश्नाची. एका गावातले काका माझ्याकडे अर्ज घेऊन आले होते: ‘रस्ता एका पावसात का उखडला?’ मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये स्पष्ट केलं आहे की ‘का’चं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. आम्ही अर्ज बदलला: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयकं यांच्या साक्षांकित प्रती. ‘का’ त्या कागदांतच असतं.

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि पोच घ्यायला विसरू नका.

आणि वाट पाहत बसू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर तो नकारच धरतात. पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, आणि त्याचा निर्णय मिळाल्यापासून किंवा मिळायला हवा होता त्या दिवसापासून ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. मुदत उलटल्यावर प्रतींचे पैसे मागितले तर भरू नका. कलम ७(६) नुसार त्या फुकट मिळतात.